साथीचा नकाशा काढणारे डॉक्टर जॉन स्नो



डॉक्टर जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क या गावी झाला. घरची गरिबी होती. वडील मजुरी करायचे. नऊ भावंडांत जॉन थोरले. चौदाव्या वर्षी ते घर सोडून न्यूकॅसलला गेले आणि एका डॉक्टरांच्या हाताखाली काम शिकू लागले. तिकडच्या कोळशाच्या खाणीत पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. जुलाब-उलट्या होऊन माणूस एका दिवसातसुद्धा दगावतो. जॉन यांनी खाणीतल्या मजुरांची सेवा केली.

पुढे ते लंडनला जाऊन मोठे डॉक्टर झाले. तेव्हा पुष्कळ डॉक्टरांना वाटायचं, की पटकी घाण वासाच्या हवेने होते. स्नो यांना ते पटेना. रोग पोटाचा आहे, तर तो तोंडावाटेच पोटात जात असणार, असा त्यांनी विचार केला. १८४९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. पण फार कोणी ऐकले नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटजवळ पटकी आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे मेली. लोक घरे सोडून पळाले. स्नो मात्र त्याच गल्ल्यांत फिरले. मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून त्यांनी यादी घेतली आणि मेलेली माणसे कुठले पाणी पीत होती ते विचारले. बहुतेक घरे एकाच हापशाजवळची निघाली. लांब राहणाऱ्या एक बाई त्या पाण्याची चव आवडते म्हणून ते गाडीतून मागवायच्या. त्याही वारल्या. पण जवळच्या बिअरच्या कारखान्यातला एकही मजूर मेला नाही, कारण ते मजूर हापशाचे पाणी पीतच नव्हते.

स्नो यांनी ही माहिती पंचांपुढे मांडली. ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला. साथ तोवर कमी होत आली होती, तरी तेच पाणी परत पिण्याचा धोका टळला. नंतर स्नो यांनी नकाशा काढला आणि एका मृत्यूला एक काळी रेघ मारली. हापशाभोवती रेघाच रेघा दिसल्या. पुढे कळले, की जवळच्या घरातल्या आजारी बाळाचे लंगोट धुतलेले पाणी खड्ड्यात जायचे आणि तिथून विहिरीत झिरपायचे.

१६ जून १८५८ रोजी, पंचेचाळीसाव्या वर्षी, स्नो वारले. तेव्हाही पुष्कळांना त्यांचे म्हणणे पटले नव्हते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना आपल्या देशात, कोलकात्यात, रोग्यांमध्ये आणि तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. म्हणजे स्नो यांचे खरे ठरले.

स्नो पायी फिरून कागदावर करत ते काम आता संगणकावर होते. आपल्या देशात साथीच्या रोगांची अशी नोंद ठेवण्याची योजना २००४ साली सुरू झाली. आशाताई घरोघर विचारतात, आरोग्य केंद्रातून माहिती वर जाते आणि कुठल्या गावात जुलाबाचे रोगी वाढले ते जिल्ह्याला समजते. मग पाणी तपासतात, विहिरीत टीसीएल टाकतात.

पण काही घरी जुलाब लागले तरी लाजून कोणी सांगत नाही. मग नकाशावर ती रेघ उमटतच नाही, आणि शेजारची पोरं तेच पाणी पितात. म्हणून पालकांनो, आशाताईंनी विचारलं तर खरं सांगा. संगणक कितीही हुशार असला तरी आपण सांगू तेवढंच त्याला कळतं.