आवाज गिळणारा संशोधक

हिराम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. वडिलांनी मशीनगनचा शोध लावून जग दणाणून सोडले. मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर बनविले व १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. नेमबाजीचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये, हा हेतू. थिओडोर रूझवेल्ट यांनीही ते वापरले. परंतु दबक्या आवाजाची गोळी गुन्हेगारालाही सोयीचीच! १९३४ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली आणि वस्तूच्या किमतीहून भारी असा २०० डॉलर कर बसला. १९३६ मध्ये मॅक्सिम निवर्तले. २०२६ पासून तो कर शून्य झाला. नोंदणी मात्र कायम आहे. आज तेथील बहुतेक राज्यांत शिकारीसाठी सायलेन्सर चालते. शिकाऱ्याचे कान वाचतात, हे खरे; पण चोरट्या शिकाऱ्याला पकडायचे कोणत्या आवाजावरून?