विश्लेषण : एकाच वेळी तीन वजनगटांचा जगज्जेता... हेन्री आर्मस्ट्राँगला हे कसे जमले? त्याची किंमत काय?

बॉक्सिंगमध्ये वरच्या वजनगटात जाऊन जगज्जेता झालेले खेळाडू अनेक आहेत. मात्र पारंपरिक आठ वजनगटांपैकी तीन गटांचे जगज्जेतेपद एकाच वेळी हातात असलेला बॉक्सर एकच झाला. तो म्हणजे अमेरिकेचा हेन्री आर्मस्ट्राँग. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, अवघ्या दहा महिन्यांत त्याने हा पराक्रम केला. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि वजन साधारण ६० किलो असलेल्या या बॉक्सरने मोठ्या देहाच्या प्रतिस्पर्ध्यांना कसे हरवले आणि पुढे त्याच्या शरीराला काय मोजावे लागले, याचा आढावा.

वजनगट कशासाठी असतात?

ठोशाची ताकद फक्त दंडातून येत नाही. पाय जमिनीला रेटा देतात, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि संपूर्ण शरीराचे वजन मुठीमागे उभे राहते. त्यामुळे तंत्र सारखेच असेल तर जड बॉक्सरचा ठोसा अधिक लागतो. जड बॉक्सर बहुतेक वेळा उंच असतो आणि त्याचे हातही लांब असतात. तो दुरून मारू शकतो आणि जवळ आल्यावर अंगावर भार टाकून समोरच्याला दमवू शकतो. हा फरक कमी करण्यासाठी वजनगट असतात.

महाराष्ट्राला वजनगट कुस्तीमुळे परिचयाचे आहेत. खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. म्हणजे गट बदलणे ही नवलाई नाही. प्रश्न असतो तो किती किलोंची आणि किती घाईची उडी, याचा.

आर्मस्ट्राँगच्या काळात बॉक्सिंगमध्ये आठच वजनगट होते आणि त्यांतील अंतर मोठे होते. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड (सुमारे ५७ किलो), लाइटवेटची १३५ पौंड (सुमारे ६१ किलो) आणि वेल्टरवेटची १४७ पौंड (सुमारे ६७ किलो). फेदरवेट ते वेल्टरवेट हा फरक २१ पौंडांचा, म्हणजे जवळपास १७ टक्क्यांचा. आज याच पट्ट्यात १३० आणि १४० पौंडांचे आणखी दोन गट आहेत.

रेल्वे रुळांवरून रिंगमध्ये...

हेन्री जॅक्सन हे त्याचे मूळ नाव. १२ डिसेंबर १९१२ रोजी मिसिसिपी राज्यातील कोलंबस येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. कुटुंब पुढे सेंट लुईसला आले. आई लवकर गेल्यामुळे आजीने त्याचा सांभाळ केला. शाळा संपल्यावर तो रेल्वेमार्गावर मजुरी करू लागला. क्यूबाचा बॉक्सर किड चॉकलेट एका लढतीत किती पैसे कमावतो, हे वर्तमानपत्रात वाचून त्याने ती नोकरी सोडली, असे सांगितले जाते.

सुरुवात मात्र वाईट झाली. १९३१मध्ये पेनसिल्व्हेनियातील पहिल्याच व्यावसायिक लढतीत तो तिसऱ्या फेरीत नॉकआऊट झाला. मग मित्र आणि प्रशिक्षक हॅरी आर्मस्ट्राँगबरोबर त्याने मालगाड्यांमधून पश्चिमेकडे लॉस एंजेलिस गाठले. मित्राचेच आडनाव त्याने घेतले आणि पुढे तेच जगाला माहीत झाले. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोत अनेक वर्षे तो अल्प मोबदल्यात, कधी पक्षपाती निकाल पचवत लढत राहिला.

तीन किताबांची कल्पना कुठून आली?

तिच्यामागे व्यवहार होता. १९३६मध्ये गायक-अभिनेता अल जोल्सन याच्या पैशातून एडी मीड याने आर्मस्ट्राँगचे व्यवस्थापन हाती घेतले. अभिनेता जॉर्ज राफ्टही त्यात सहभागी झाला. १९३७मध्ये आर्मस्ट्राँगने २७ लढती खेळल्या, सर्व जिंकल्या आणि त्यातील २६ नॉकआऊटने. २९ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पीटी सॅरनला सहाव्या फेरीत नॉकआऊट करून तो फेदरवेटचा जगज्जेता झाला.

तरीही प्रेक्षकांचे लक्ष दुसरीकडे होते. त्याच वर्षी जून महिन्यात जो लुईस हेवीवेटचा जगज्जेता झाला होता आणि बॉक्सिंगमधला बहुतेक पैसा त्याच्याभोवती फिरत होता. एक किताब पुरेसा नव्हता. लोकांनी तिकीट काढावे असे काहीतरी वेगळे हवे होते. म्हणून तीन किताबांची योजना आखली गेली. लाइटवेटचा जगज्जेता लू अँबर्सशी लढत लगेच ठरली नाही, तेव्हा मधला गट ओलांडून थेट वेल्टरवेटच्या बार्नी रॉसला आव्हान देण्यात आले.

वजन वाढवण्यासाठी पाणी प्यावे लागले?

बॉक्सर सहसा वजन उतरवण्यासाठी उपाशी राहतात. येथे उलटे घडले. रॉसविरुद्धच्या लढतीसाठी आर्मस्ट्राँगला किमान १३८ पौंड वजन दाखवणे गरजेचे होते आणि त्याचे शरीर तेवढे भरत नव्हते. सरावकाळात बिअर आणि वजन तपासणीपूर्वी पोटभर पाणी पिऊन त्याने काटा वर नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पावसामुळे लढत काही दिवस पुढे गेली आणि ते पाण्याचे वजन उतरून गेले. ३१ मे १९३८ रोजी लढत झाली तेव्हा आर्मस्ट्राँगचे वजन साडेतेहतीस वर शंभर, म्हणजे १३३.५ पौंड होते. रॉस होता १४२ पौंडांचा. म्हणजे वेल्टरवेटचा आव्हानवीर प्रत्यक्षात लाइटवेटच्या मर्यादेतही सहज बसत होता.

मग लहान शरीर जिंकले कसे?

आर्मस्ट्राँगने ताकदीच्या बाबतीत रॉसशी बरोबरी करण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने अंतर संपवले. लांब हातांचा उपयोग होण्यासाठी समोर मोकळी जागा लागते. कुस्तीत बुटका मल्ल उंच मल्लाचा पट काढण्यासाठी जसा खाली घुसतो, तसा आर्मस्ट्राँग डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीला लावून आत शिरायचा आणि दोन्ही हातांनी आखूड ठोसे मारत राहायचा. आत आलेल्याला लांब ठोसा मारता येत नाही.

दुसरे शस्त्र होते वेग. लढतीपूर्वी खोलीतच तो बराच वेळ हवेत ठोसे मारून घाम काढायचा आणि तापलेल्या शरीराने रिंगमध्ये यायचा. पहिल्या फेरीतली गती पंधराव्या फेरीपर्यंत टिकायची. मोठे शरीर हलवायला अधिक श्रम लागतात, त्यामुळे विश्रांती न मिळाल्यास जड बॉक्सर आधी थकतो. रॉसच्या बाबतीत तेच झाले. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो फक्त मार खात होता. लढत थांबवण्यास त्याने नकार दिला, पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. त्यानंतर तो पुन्हा कधीही रिंगमध्ये उतरला नाही.

तिसरा किताब कसा मिळाला?

१७ ऑगस्ट १९३८ रोजी अँबर्सविरुद्ध आर्मस्ट्राँगला वजनाची अडचण नव्हती, दोघेही लाइटवेटच होते. पण ही लढत त्याची सर्वांत कठीण लढतींपैकी एक ठरली. तोंडात खोल जखम होऊन इतके रक्त सांडू लागले की रेफरीने लढत थांबवण्याची ताकीद दिली. मग आर्मस्ट्राँग रक्त गिळत लढला. अँबर्सला त्याने दोनदा खाली पाडले होते. परीक्षकांचा निकाल विभागून लागला, पण तो त्याच्या बाजूने लागला. तीन किताब एकाच माणसाकडे आले.

ते फार काळ एकत्र राहिले नाहीत. फेदरवेटचा किताब त्याने त्याच वर्षी सोडला. १९३९च्या ऑगस्टमध्ये अँबर्सविरुद्धच्या फेरलढतीत कमरेखाली मारल्याबद्दल रेफरीने त्याच्या पाच फेऱ्या काढून घेतल्या आणि लाइटवेटचा किताबही गेला. वेल्टरवेटचा मात्र त्याने सुमारे दीड डझन वेळा राखला. त्यातील पाच लढती ९ ते ३० ऑक्टोबर १९३९ या २२ दिवसांतल्या.

चौथ्या किताबाच्या वेळी काय झाले?

वजनाचा परिणाम पाहायचा तर फिलिपिन्सचा सेफेरिनो गार्सिया हे उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबर १९३८मध्ये वेल्टरवेट किताबासाठी दोघे भिडले. तेव्हा गार्सियाला १४७ पौंडांच्या आत राहावे लागले आणि आर्मस्ट्राँग पंधरा फेऱ्यांत गुणांवर जिंकला. पुढे गार्सिया मिडलवेटमध्ये गेला आणि तेथे जगज्जेता झाला. १ मार्च १९४० रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्या किताबासाठी ते पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गार्सिया आर्मस्ट्राँगपेक्षा दहा पौंडांहून अधिक जड होता. दहा फेऱ्यांची ही लढत बरोबरीत सुटली आणि किताब गार्सियाकडेच राहिला.

निकालावर वाद झाला. लढतही पाच फेऱ्यांनी छोटी होती, त्यामुळे सगळे श्रेय वजनाला देता येणार नाही. तरीही आधी हरवलेल्या माणसाला हरवणे त्याला या वेळी जमले नाही, एवढे स्पष्ट आहे.

शरीराने हिशेब कधी मागितला?

आत घुसून लढण्याच्या शैलीत एक तोटा होता. आत जाईपर्यंत आणि आत गेल्यावरही मार खावा लागतो. वर्षानुवर्षे मोठ्या बॉक्सरांचे ठोसे झेलून आर्मस्ट्राँगच्या डोळ्यांभोवतीची त्वचा जखमांच्या व्रणांनी भरली होती. ४ ऑक्टोबर १९४० रोजी त्याच्यापेक्षा उंच असलेल्या फ्रिट्झी झिविकने नेमके तिथेच मारले. डोळे सुजून बंद होत गेले आणि आर्मस्ट्राँगने शेवटचा किताब गमावला. १७ जानेवारी १९४१च्या फेरलढतीसाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २३ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. बाराव्या फेरीत रेफरीला लढत थांबवावी लागली.

तेव्हा आर्मस्ट्राँग फक्त २८ वर्षांचा होता. काही काळाने तो परतला, अनेक लढती जिंकलाही. पण १९४३मध्ये उंच आणि तरुण शुगर रे रॉबिन्सनने त्याला दहा फेऱ्यांत सहज हरवले. १९४५मध्ये तो निवृत्त झाला. तोवर त्याच्या नावावर सुमारे दीडशे विजय होते.

कमावलेला पैसा टिकला नाही. काही वर्षे दारूत गेली. नंतर तो सावरला, १९५१मध्ये बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाला आणि मुलांसाठी काम करू लागला. अखेरच्या वर्षांत दृष्टी आणि स्मरणशक्ती दोन्ही क्षीण झाल्या होत्या. ऑक्टोबर १९८८मध्ये लॉस एंजेलिस येथे वयाच्या ७५व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज हा विक्रम मोडता येईल का?

आज वजनगट दुपटीहून अधिक आहेत आणि किताब देणाऱ्या प्रमुख संघटना चार आहेत. त्यामुळे अनेक गटांत जगज्जेता होणे तुलनेने शक्य झाले आहे. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने तर आठ गटांत किताब जिंकले, पण वेगवेगळ्या काळात. एका गटात जिंकून वर जायचे आणि खालचा किताब सोडायचा, हीच आता रीत आहे. फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट हे तिन्ही किताब एकाच वेळी बाळगणारा आर्मस्ट्राँगनंतर कोणी झालेला नाही.

लहान बॉक्सर मोठ्याला हरवू शकतो, हे त्याच्या कारकीर्दीने दाखवले. मात्र त्यासाठी प्रत्येक लढतीत दुप्पट श्रम करावे लागतात आणि अधिक मार सोसावा लागतो, हेही त्याच कारकीर्दीत दिसते. निकालपत्रात विजय नोंदला जातो, हा मार नोंदला जात नाही. वरच्या गटात जाणाऱ्या कोणत्याही बॉक्सरची लढत पाहताना हा दुसरा हिशेबही लक्षात ठेवावा लागतो.