याकूत भाषेचे अक्षरकार सेम्योन नोवगोरोदोव

उत्तर आशियांत लेना नांवाची महानदी वाहते. तिच्या तीरीं याकूत लोक राहतात. ते स्वतःस साखा असें म्हणवितात. हिवाळ्यांत तेथें थंडी इतकी कडक पडते कीं, गोठलेल्या नदीवरून गाड्या चालतात. घोडे व गुरें पाळणें हा त्यांचा पूर्वापार धंदा. वीरांचीं लांबलांब गाणीं त्यांच्यांत मुखोद्गत चालत आलीं. परंतु तीं लिहून ठेवण्यास त्यांस स्वतःची लिपि नव्हती.

ही उणीव दूर करण्याचे यत्न पूर्वीं झाले होते. १८५१ सालीं बेटलिंक या विद्वानानें त्या भाषेचें मोठें व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें रशियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचे बिशप इनोकेंती व उपदेशक दिमित्री खित्रोव यांच्या श्रमानें शुभवर्तमान याकूत भाषेंत छापलें गेलें. आणि १८५९ च्या जुलई महिन्यांत याकुत्स्क शहराच्या मोठ्या देवळांत त्या भाषेंत प्रथमच उपासना झाली. तथापि हीं पुस्तकें रशियन अक्षरांच्या आधारें छापलेलीं होतीं, आणि सामान्य जनांत वाचन फारसें पसरलें नाहीं.

अशा लोकांत १८९२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १३ व्या तारखेस सेम्योन अंद्रेयेविच नोवगोरोदोव यांचा जन्म झाला. याकुत्स्क येथें शिक्षण झाल्यावर १९१३ सालीं ते पीटर्सबर्ग विश्वविद्यालयांत पौर्वात्य भाषांचा अभ्यास करूं लागले. विद्यार्थी असतांनाच त्यांनीं आपल्या लोकांत हिंडून कथा व गीतें लिहून घेतलीं. हें लिहितांना भाषेचे उच्चार नेमके कसे दाखवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

याकूत भाषेंत ऱ्हस्व स्वर आठ, दीर्घ स्वर आठ, आणि संयुक्त स्वर चार आहेत. आपल्या मराठींत दिन व दीन हे शब्द जसे निराळे, तसेच तेथेंही. आत् म्हणजे घोडा; त्यांतील स्वर लांबविला कीं तोच शब्द नांव या अर्थाचा होतो. लिपींत हा भेद नसेल तर वाचणारा घोडा म्हणेल कीं नांव म्हणेल, कोण सांगणार?

सर्व जगांतील भाषांचे ध्वनि दाखविण्यासाठीं विद्वानांनीं जीं चिन्हें ठरविलीं होतीं, त्यांवरून नोवगोरोदोव यांनीं १९१७ सालीं नवी वर्णमाला रचली व त्याच वर्षीं पहिली बालबोध पोथी काढली. मोठीं व लहान अशीं दोन तऱ्हेचीं अक्षरें त्यांनीं ठेविलीं नाहींत, यासाठीं कीं शिकणाऱ्यावरील भार हलका व्हावा. १९२२ सालापासून त्यांनीं पेत्रोग्राद शहरीं राहून नव्या अक्षरांचे खिळे ओतविण्याचें व शाळेचीं पुस्तकें छापविण्याचें काम चालविलें. या कामांत असतांनाच १९२४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २८ व्या तारखेस ते तेथें आजारानें मरण पावले. त्यांचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें.

त्यांचीं अक्षरें फार काळ टिकलीं नाहींत. तीं हातानें भराभर लिहिण्यास अवघड जात. १९२९ सालीं तुर्की कुळांतील भाषांसाठीं ठरविलेली लातीन लिपि आली, आणि १९३९ सालीं तीही जाऊन रशियन लिपि आली. आज त्या वर्णमालेंत ४० अक्षरें आहेत, व याकूत भाषेच्या खास ध्वनींसाठीं निराळीं अक्षरें तींत आहेत.

मग त्यांचे श्रम वायां गेले काय? तसें म्हणतां येणार नाहीं. खिळे मोडून टाकतां येतात. पण जो मनुष्य एकदां आपल्या मायबोलींत वाचावयास शिकला, त्यास पुन्हां निरक्षर करतां येत नाहीं. त्यांच्या पोथीनें शिकलेल्यांनीं नवीं अक्षरेंही शिकून घेतलीं. म्हणूनच, जेथें त्यांचें एकही पान आतां शाळेंत चालत नाहीं, त्या देशांत त्यांचा जन्मदिवस भाषा व लेखन यांचा दिवस म्हणून पाळितात. वाचकहो, खेड्यांत चार मुलांस मुळाक्षरें शिकविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें: पाटी पुसली जाते, विद्या राहते.