सरखेल कान्होजी आंग्रे

समुद्रात जहाजे अडवून माल लुटणाऱ्याला चाचा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबईचे इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत. मला काही हे पटत नाही. का ते सांगतो.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गावर गेले. हा किल्ला हर्णैसमोर भर समुद्रात आहे. चहूकडे पाणीच पाणी! १६९८ मध्ये ते सरखेल झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. पुढे बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले.

आता भांडणाचे मूळ ऐका. पोर्तुगीज आधीपासून परवाने विकत. त्यांचा परवाना नसला की जहाज लुटलेच म्हणून समजा. इंग्रजही परवाने देत. मग कान्होजींनीही दस्तक काढले. कोकणच्या दर्यातून जायचे तर दस्तक घ्या, नाहीतर जहाज जप्त! काम तिघांचे एकच, मग चाचा एकटे कान्होजीच कसे काय?

१७१२ मध्ये त्यांच्या लोकांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची नौका धरली. त्या लढाईत एक इंग्रज अधिकारी मेला आणि त्याची बायको कैद झाली. तीस हजार रुपये घेऊन तिला सोडले. बाईमाणसाला असे अडकवून ठेवणे मला आवडले नाही. पण घडले ते लिहायलाच हवे.

इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. कान्होजींची गुराबे आणि गलबते लहान, पण चपळ बरं का! वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागच्या जागी उभे. तेव्हा वल्ही मारणारी गलबते गुराबांना ओढत न्यायची आणि मागून मारा व्हायचा. शत्रू पाठीस लागला तर सरळ खाडीत शिरायचे. उथळ पाण्यात मोठे जहाज येणार कसे?

इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर गेले, तिथेही तेच. शेवटी १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागेच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. सुमारे सहा हजार माणसे होती म्हणे. शाहू महाराजांनी बाजीराव पेशव्यांना मदतीला धाडले. पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहे. आणि गंमत बघा, २००७ च्या एका इंग्रजी सिनेमात चाच्यांचा एक सरदार आहे, त्याचे नाव संभाजी आंग्रे! कान्होजींच्या एका मुलाचे हेच नाव होते. म्हणजे इंग्रजांनी चिकटवलेले ते नाव अजून सुटलेले नाही.

वर्गातल्या नकाशात अलिबाग शोधा. त्याच्या जरा वर, थळ गावासमोर समुद्रात एक ठिपका दिसला तर ती खांदेरी.