कप्तानपद न मिळालेला कप्तान : बाळू पालवणकर
(बी. ए. द्वितीय वर्ष)

क्रिकेटचा संघ जाहीर झाला की आपल्या देशातला प्रत्येक माणूस निवड समितीचा सभासद होतो. अमक्याला का वगळले, तमक्याला कप्तान कोणी केले, यावर चहाच्या टपरीवर, एस. टी. च्या थांब्यावर आणि वसतिगृहाच्या ओट्यावर तासन् तास वाद रंगतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. तिथे तर निवडीचा नियम ठरलेलाच असतो. प्रवेश फी ज्याने भरली तो कप्तान, आणि बॅट ज्याची त्याची फलंदाजी पहिली. संघातला सर्वांत चांगला गोलंदाज मात्र पुष्कळदा असा असतो की ज्याच्याजवळ फीचे पैसेही नसतात आणि बॅटही नसते. त्याने चेंडू टाकावा, बळी घ्यावे आणि सीमारेषेवर जाऊन उभे राहावे.

आपण हे गमतीने घेतो. परंतु कप्तान कोण, या एका प्रश्नाभोवती ज्याचे सबंध क्रीडाजीवन फिरले असा एक थोर खेळाडू याच महाराष्ट्रात होऊन गेला. बाळू पालवणकर हे त्यांचे नाव. आमच्या पिढीला सी. के. नायडू ठाऊक आहेत, कारण ते नागपूरचे, आपल्या विदर्भाचे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा तेच कप्तान होते. पण नायडूंच्याही आधी भारतीय क्रिकेटला ज्याने पहिला मोठा गोलंदाज दिला, त्याचे नाव आमच्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे आणि त्याबरोबर एक चाहता म्हणून माझेही मत मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा. घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. पालवण गावावरून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या सोजिरांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही मुले खेळू लागली. पुढे बाळूंना पुण्यातल्या एका पारशी क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथे चार रुपये मिळत. जाळी लावणे, खेळपट्टी तयार करणे हे काम. आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करणे हेही काम.

त्या साहेबांत कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे बक्षीस देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, त्या काळातल्या उत्तम फलंदाजाला रोज शेकडो चेंडू टाकून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली, एवढे मात्र खरे. विशेष म्हणजे त्या जाळीत बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती.

त्याच सुमारास पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायची इच्छा होती. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत मतभेद झाले. शेवटी जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातात, तोच इतरांच्या हातात. चेंडूला विटाळ नव्हता. खेळ थांबून चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. हे वाचताना मला राग आला तो भांड्याचा तर आलाच, पण त्याहून अधिक त्या हिशेबाचा आला. माणूस नको होता, त्याची गोलंदाजी मात्र हवी होती.

पुढे पुण्यात प्लेग आला आणि पालवणकर मंडळी मुंबईस गेली. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही काही सभासदांचा विरोध होता, तरी बाळूंना प्रवेश मिळाला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरीही मिळाली. धाकटा भाऊ शिवराम हाही हिंदू संघात आला. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. राज्यकर्त्यांचा दुसरा डाव १०२ धावांत कोसळला त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्या काळी सबंध देशात या विजयाची चर्चा झाली. १९०७ पासून पारशी, हिंदू आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. आजच्या विश्वचषकाला जेवढी गर्दी लोटते तशी त्या काळी मुंबईत या सामन्यांना लोटत असे.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्याचे कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांचे वय त्या वेळी १९ वर्षांचे होते. म्हणजे ते माझ्याच वयाचे! ३५ वर्षांच्या बाळूंनी ज्यांच्या हाताखाली खेळायचे ते कप्तान एकोणीस वर्षांचे, आणि तेही बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतलेले. मैदानावर ते थोडेच सामने उतरले. संघाला १४ प्रथम दर्जाच्या सामन्यांपैकी केवळ २ जिंकता आले, १० हरले. अशा पडत्या संघात बाळूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५ बळी घेतले, सरासरी २० च्या आसपास. सगळे सामने धरले तर ११४ बळी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंटींविरुद्ध जे दोन विजय मिळाले, त्यांत पालवणकर बंधूंचे कर्तृत्व ठळकपणे दिसते. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या.

ते परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केल्याचे सांगितले जाते. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी. ए. ला शिकत होते. बॅरिस्टर, संविधानकार हे सगळे पुढचे. त्या दिवशी एक विद्यार्थी आपल्या समाजातील एका पराक्रमी माणसाकडे अभिमानाने पाहत होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इतकी कामगिरी असलेल्या माणसाला हिंदू संघाचे कप्तानपद का मिळू नये? १९१० नंतर ही मागणी वारंवार होत राहिली. दर वर्षी दुसराच कोणी तरी कप्तान होई. त्यांपैकी एक एम. डी. पै. त्यांनी स्वतःच्या सत्काराच्या प्रसंगी उघडपणे सांगितले की हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंचा आहे. ज्याला पद मिळाले तोच म्हणतो की पद दुसऱ्याचे होते. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

निवड समितीच्या बाजूने जे बोलता येईल तेही बोलले पाहिजे. कोणी म्हणेल, कप्तान फलंदाज असावा, गोलंदाज दमून जातो. पण फलंदाजाची खोड ओळखून क्षेत्ररक्षण लावणे हे फिरकी गोलंदाजाचे रोजचे काम आहे. मैदानावरचा अर्धा कप्तान तो असतोच. कोणी म्हणेल, बाळूंचे वय झाले होते. १९२० साली ते ४४ च्या घरात होते, तेव्हा त्या वर्षापुरता हा मुद्दा मला मान्य आहे. परंतु १९१२ साली काय अडचण होती? १९१३ साली काय होती? आणि वयाचा मुद्दा खरा असता तर तरुण विठ्ठलला तरी डावलले गेले नसते.

विठ्ठल हा बाळूंचा धाकटा भाऊ, त्या काळचा अव्वल फलंदाज. १९२० च्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कप्तानपद विठ्ठलऐवजी पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना देण्यात आले. देवधर थोर खेळाडू होते, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण त्या वेळी विठ्ठल संघात त्यांच्याहून जुना होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतले. गुणांपेक्षा सामाजिक प्रतिष्ठेला महत्त्व दिले जाते, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि अस्पृश्यता नष्ट करण्याचे आवाहन करणारा ठराव तेथे झाला. वातावरण बदलत होते. लोकमताचा दाब इतका वाढला की अंतिम सामन्यासाठी पै परतले तेव्हा भाऊ संघात परत आले आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. बाळूंच्या वाट्याला आलेले कप्तानपद ते एवढेच!

१९२३ साली अखेर विठ्ठल कप्तान झाला. हिंदू संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. १९२५ आणि १९२६ सालीही विजय हिंदू संघाचाच झाला. मोठ्या भावाला जे दार बंद होते ते धाकट्याने उघडले, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. ते ढकलून ढकलून खिळखिळे कोणी केले होते?

बाळूंच्या उत्तरायुष्यातला एक भाग सांगितला नाही तर चरित्र प्रामाणिक होणार नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूचे होते. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर सापडणार नाही, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे हा भाग वाचताना मला अवघड वाटले. काही मित्रांचे म्हणणे पडले की अशा माणसाचे चरित्र तू कशाला लिहितोस?

माझे उत्तर असे आहे. त्या निवडणुकीत माझे मत असते तर ते बाबासाहेबांनाच पडले असते. आपल्या हक्काचे दार संघातल्या मोठ्यांच्या मर्जीने उघडत नाही, हा धडा बाळूंच्याच आयुष्यातून मिळतो. पण ज्याला कप्तान करायला पंधरा-सोळा वर्षे सवड झाली नाही, त्याला बाबासाहेबांविरुद्ध उभे करायला मात्र लगेच सवड झाली, हेही विसरता कामा नये. दोघे एकाच दुःखातून आलेले. एकाने वाटले संघात राहून बदल घडेल, दुसऱ्याने नियमच नव्याने लिहायचे ठरवले. मार्ग चुकला असेल म्हणून बाळूंचे बळी कमी होत नाहीत. ३३ प्रथम दर्जाचे सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे कोणत्याही पक्षाचे नाहीत.

जुलै १९५५ मध्ये मुंबईस बाळूंचे निधन झाले. त्यानंतर बरीच वर्षे त्यांचे नाव जाणकारांपुरतेच राहिले. अलीकडे इतिहासकारांनी ते पुन्हा लोकांपुढे आणले आहे.

आपल्याला संघात घेतले, याचा आनंद मोठा असतो. महाविद्यालयात पाऊल टाकताना तो मीही घेतला आहे. परंतु प्रवेश मिळणे आणि निर्णय घेण्याचा अधिकार मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरच समाधान मानून दुसरीसाठी थांबायला कोणी सांगू लागले, तर बाळूंचे आकडे त्याच्यापुढे ठेवावेत. माझ्या विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना एकच नम्र सूचना करतो. आपल्या जिमखाना विभागात बाळू पालवणकरांची तसबीर लावावी, आणि यंदा संघ निवडताना प्रत्येकाची मागील वर्षाची कामगिरी शेजारी लिहून यादी लावावी. कप्तान कोण झाला आणि का झाला, हे मग कोणालाही वाचता येईल.