तिकिटावर लिहिलेले शहर : फिओरेल्लो ला गार्डिया

मुंबईहून न्यूयॉर्क परिसरात येणाऱ्या मराठी कुटुंबापुढे तिकीट काढताना एक प्रश्न हमखास उभा राहतो : केनेडी विमानतळावर उतरावे की नेवार्कला? एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्यांना नेवार्क सोयीचे, तर क्वीन्स आणि लाँग आयलंडच्या रहिवाशांना केनेडी. भाडे, सामान आणि घ्यायला येणाऱ्याची सवड यांचा हिशेब मांडून आपण निर्णय घेतो. या दोन किनाऱ्यांमधील विमानतळांची चढाओढ मात्र नव्वद वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि ती पेटवली पाच फूट दोन इंच उंचीच्या एका तापट महापौरांनी. फिओरेल्लो ला गार्डिया हे त्यांचे नाव. ज्या विमानतळाला ते दिले गेले, तिथून आज मुंबईचे एकही विमान सुटत नाही. पण न्यूयॉर्कच्या आकाशाची आजची वाटणी समजून घ्यायची, तर या माणसाच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावी लागते.

ला गार्डिया यांचा जन्म 11 डिसेंबर 1882 रोजी मॅनहॅटनमध्ये झाला. वडील इटलीहून आलेले संगीतकार, आई त्रिएस्तची ज्यू. फिओरेल्लो या इटालियन नावाचा अर्थ छोटेसे फूल. वडील अमेरिकी सैन्यात बँडमास्टर असल्याने मुलाचे बालपण ॲरिझोनातील लष्करी ठाण्यांवर गेले. 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळात वडिलांना सैन्याला पुरवलेल्या निकृष्ट मांसामुळे विषबाधा झाली. त्यातून ते पुरते सावरले नाहीत आणि 1904 मध्ये वारले. भ्रष्ट कंत्राटदारांनीच आपल्या पित्याचा बळी घेतला, ही भावना मुलाच्या मनात कायमची रुतून बसली.

ऐन तारुण्यात ला गार्डिया युरोपात अमेरिकी वकिलातीच्या नोकरीत होते. फ्यूमे बंदरातून हजारो स्थलांतरित अमेरिकेकडे निघत. त्यांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्यापूर्वीच झाली पाहिजे, असा आग्रह या तरुण अधिकाऱ्याने धरला. समुद्र ओलांडून गेल्यावर आजारी ठरवून परत पाठवलेल्या माणसाची काय दशा होते, याची त्यांना जाण होती. जहाज कंपनी आणि स्थानिक अधिकारी रागावले. ला गार्डिया हटले नाहीत. प्रवाशाला दिलेला शब्द वाहतूक करणाऱ्याने पाळलाच पाहिजे, ही त्यांची धारणा तिथेच घडली असावी. अमेरिकेत परतल्यावर 1907 ते 1910 या काळात त्यांनी एलिस बेटावर दुभाषाचे काम केले आणि रात्रीच्या वर्गांत बसून कायद्याची पदवी मिळवली.

विमानाशी त्यांचे नाते वकिलीतून जुळले. विमानरचनाकार जुझेप्पे बेलांका हे त्यांचे अशील. बेलांकांनी ला गार्डियांना विमान चालवायला शिकवले आणि ला गार्डियांनी त्यांना मोटार. 1916 मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. पुढच्याच वर्षी देश महायुद्धात उतरताच ते सैन्याच्या हवाई दलात भरती झाले. इटलीत, वडिलांच्या मूळ मुलखात, फोज्जा येथे त्यांनी अमेरिकी वैमानिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था पाहिली, कॅप्रोनी बाँबफेकी विमानांतून मोहिमा केल्या आणि मेजर होऊन परतले. युद्धानंतर मात्र घरावर आघात झाला. 1921 या एकाच वर्षात तान्ही मुलगी आणि पत्नी थेआ, दोघीही गेल्या. त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. संपकरी कामगारांना न्यायालयीन मनाई हुकुमांपासून संरक्षण देणारा 1932 चा नॉरिस-ला गार्डिया कायदा हे त्या काळाचे मोठे फलित.

1 जानेवारी 1934 रोजी ते न्यूयॉर्कचे महापौर झाले. महामंदीने शहर मोडकळीला आले होते आणि टॅमनी हॉलच्या राजकीय टोळीने तिजोरी पोखरली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते टी.डब्ल्यू.ए.च्या विमानाने परतत असताना तो प्रसिद्ध प्रसंग घडला. विमान नेहमीप्रमाणे नेवार्कला उतरले. महापौरांनी आसन सोडण्यास नकार दिला. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले आहे आणि नेवार्क तर न्यू जर्सीत आहे, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर कंपनीने त्यांना त्याच विमानाने ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना खमंग मजकूर मिळाला.

प्रसंग गमतीचा असला तरी त्यामागचे दुखणे खरे होते. नेवार्कचा विमानतळ 1928 मध्ये सुरू झाला होता. टपाल खात्याने न्यूयॉर्कच्या हवाई टपालाचे ठाणे म्हणून त्यालाच मान्यता दिली होती, आणि त्या काळी विमान कंपन्यांचा संसार मोठ्या प्रमाणात टपालाच्या उत्पन्नावर चाले. जिथे टपाल, तिथे विमाने आणि जिथे विमाने, तिथे प्रवासी. न्यूयॉर्कने 1931 मध्ये फ्लॉइड बेनेट हा उत्तम धावपट्ट्यांचा विमानतळ बांधला, तरी कंपन्या तिकडे फिरकेनात. महापौरांनी टपाल खात्याकडे दाद मागितली. निकाल नेवार्कच्या बाजूने लागला. मग त्यांनी अमेरिकन एअरलाइन्सचे मन वळवून प्रायोगिक फेऱ्या सुरू करविल्या आणि प्रवाशांच्या गाड्या लवकर पोहोचाव्यात म्हणून पोलिसांचा ताफाही देऊ केला. काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला.

कारण नकाशावर स्पष्ट होते. हडसन नदीखालून जाणारा हॉलंड बोगदा 1927 मध्ये आणि पुलास्की उन्नत मार्ग 1932 मध्ये खुला झाल्याने नेवार्कहून मॅनहॅटन गाठणे सोपे झाले होते. फ्लॉइड बेनेट शहराच्या हद्दीत असूनही ब्रुकलिनच्या पार दक्षिण टोकाला होते आणि वाट गजबजलेल्या गल्ल्यांतून जाई. परक्या राज्यातला विमानतळ जवळचा आणि स्वतःचा लांबचा, अशी ही विपरीत अवस्था होती. प्रवासी सीमारेषा मोजत नाही, वेळ मोजतो. हा धडा ला गार्डियांना पराभवातून मिळाला आणि त्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी तो मान्य केला.

त्यानंतर त्यांनी जागाच बदलली. क्वीन्समध्ये नॉर्थ बीच येथे, जिथे एके काळी करमणुकीची बाग होती, तिथे एक लहान विमानतळ होता. मॅनहॅटनच्या मध्यापासून ही जागा सुमारे 8 मैलांवर. संघराज्याच्या रोजगार योजनेतून निधी आणि हजारो बेरोजगारांचे हात मिळाले. सप्टेंबर 1937 मध्ये काम सुरू झाले. रायकर्स बेटावर साठलेला कचरा आणून खाडीत भराव घालण्यात आला आणि विमानतळाचा विस्तार झाला. खर्च सुमारे 4 कोटी डॉलरवर गेल्याने टीकेचे मोहोळ उठले. पण या वेळी रस्त्यांचीही तजवीज होती : ट्रायबरो पूल 1936 मध्ये खुला झाला होता आणि क्वीन्स-मिडटाऊन बोगदा 1940 मध्ये झाला. अमेरिकन, युनायटेड आणि टी.डब्ल्यू.ए. या कंपन्यांनी करार केले. 15 ऑक्टोबर 1939 रोजी उद्घाटन झाले आणि 2 डिसेंबरपासून नियमित वाहतूक सुरू झाली. पुढील मार्चपासून पॅन अमेरिकनच्या जलविमानांनी इथूनच अटलांटिक ओलांडायला आरंभ केला. केवळ विमाने पाहण्यासाठी दहा सेंट मोजून लोक सज्ज्यावर गर्दी करू लागले. पलीकडे नेवार्क काही काळ ओस पडले.

विजय मात्र अल्पजीवी ठरला. विमाने मोठी होत होती, भराव खचत होता आणि नवा विमानतळ लवकरच अपुरा पडणार हे दिसू लागले. ते ओळखून ला गार्डियांनीच युद्धकाळात आयडलवाइल्ड येथे, दलदलीच्या विस्तीर्ण जागेवर, दुसऱ्या विमानतळाचे काम हाती घेतले. कंपन्यांना आकर्षित करताना त्यांनी केलेले भाडेकरार शहराला परवडणारे नव्हते, हा आक्षेप पुढे गंभीरपणे घेतला गेला. शहराच्या अभिमानाची किंमत शहराच्याच तिजोरीने मोजावी, ही या कथेतील कटू बाजू आहे.

तीन कार्यकाळ पूर्ण करून 1945 अखेरीस ते पायउतार झाले. त्याच वर्षी वृत्तपत्र वितरणाच्या संपात मुलांची निराशा होऊ नये म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून चित्रकथा वाचून दाखवल्या होत्या. अनेक न्यूयॉर्ककरांच्या स्मरणात ते त्याच आवाजाने राहिले. जून 1947 मध्ये शहराचे विमानतळ दोन्ही राज्यांच्या संयुक्त पोर्ट अथॉरिटीकडे गेले आणि पुढच्या वर्षी नेवार्कही त्याच छत्राखाली आले. 20 सप्टेंबर 1947 रोजी कर्करोगाने ला गार्डियांचे निधन झाले. अब्जावधींचा कारभार पाहिलेल्या या माणसामागे उरले ते गहाण घर आणि 8,000 डॉलरचे युद्धरोखे.

1948 मध्ये आयडलवाइल्ड सुरू झाले. 14 मे 1960 रोजी एअर इंडियाचे बोइंग 707 तिथेच उतरले. 1963 मध्ये त्याला केनेडींचे नाव मिळाले. ला गार्डिया विमानतळावर अंतराची मर्यादा आली : काही अपवाद वगळता 1,500 मैलांपलीकडची थेट विमाने तिथून सुटू शकत नाहीत. दरम्यान नेवार्कने पुन्हा उचल खाल्ली, आणि 2007 मध्ये एअर इंडियाने मुंबई-केनेडी तर कॉन्टिनेंटलने नेवार्क-मुंबई अशी थेट सेवा सुरू करून जुनी चढाओढ आपल्या दारी आणली.

आज नेवार्कला उतरणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावरही अनेकदा न्यूयॉर्क परिसराचाच उल्लेख असतो आणि कोणी आसन अडवून बसत नाही. महापौरांचा वाद शब्दशः पाहता ते हरले असे म्हणता येईल. परंतु त्यांनी नेवार्कला प्रतिस्पर्धी उभा केला नसता, तर आपल्यापुढे आज निवड करायला दुसरा विमानतळ कदाचित इतक्या सहज उभा नसता. प्रवाशाच्या हाती असलेली ही निवड हेच त्यांच्या त्या हट्टाचे खरे स्मारक आहे.