पाणीपाळीचा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ, १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्यातून रोज ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी मुंबईला मिळावे, अशी योजना आहे. मोठ्या शहराची तहान भागवताना पाण्याच्या उगमाजवळच्या माणसांचा वाटा किती, हा प्रश्न या दोन तालुक्यांत रोजचा आहे. पाण्याची वाटणी हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर हाताळला, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची नोकरी याच डोंगरांच्या पलीकडे, नाशिकला सुरू झाली.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील लवकर गेले. शिकवण्या करत त्यांनी बंगळूरला पदवी मिळवली आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. पाणी हे औषधाइतकेच आरोग्याचे साधन आहे, हे वैद्यकशास्त्राला कळू लागण्याचा तो काळ होता.

सुरुवातीच्या वर्षांत विश्वेश्वरय्या खानदेशात होते. धुळे भागात पांझरा नदीवर त्यांनी ऐन पावसाळ्यात पाण्याच्या नळाचा सायफन बांधला. पांझरेच्या काठी शेतकऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षे चालत आलेली होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचे. पाणी कमी झाले तर तूटही सर्वांनी वाटून घ्यायची.

पुढे सिंध प्रांतातील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि गाळण्या बांधण्याइतके पैसे नगरपालिकेकडे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपून विहिरीत आलेले पाणी स्वच्छ होते. वाळूतून सावकाश झिरपताना गाळ आणि बरेचसे जंतू मागे राहतात. निसर्गाची ही गाळणी त्यांनी शहरासाठी वापरली.

पुण्यात आल्यावर शहर आणि शेती यांचा सामना त्यांना समोर दिसला. खडकवासल्याच्या एकाच तलावावर पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्याखालची शेती अवलंबून होती. १९०३ मध्ये त्यांनी तिथे आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारे बसवली. पुराचे पाणी वाढले की ती उघडत, ओसरले की मिटत. धरण न उचलता साठा वाढला. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकर म्हणून त्यांनी त्याचे मानधन घेतले नाही.

त्याआधी, १८९९ च्या सुमारास, त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत मांडली होती. कालव्याच्या तोंडाशी असलेली मोजकी गावे उसासाठी भरमसाट पाणी घेत आणि शेवटची गावे कोरडी राहत. शिवाय सतत ओल राहिली की जमीन पाणथळ होते आणि डास वाढतात. विश्वेश्वरय्यांनी पाणी अनेक गावांच्या ठरावीक गटांत वाटले आणि पिकांची फेरपालट बांधून दिली. शेतकऱ्यांचा आधी विरोध झाला. त्यांनी गावोगावी समजावले आणि बदल रुजला. फड पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. तोंडाशी बसला म्हणून कुणाला जास्त पाणी मिळणार नव्हते.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला पूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजामाच्या बोलावण्यावरून ते १९०९ मध्ये तिथे गेले. शहरातल्या काठांवर भिंती बांधून प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले. साऱ्या खोऱ्यातला पाऊस, उतार आणि शेकडो लहान तलाव त्यांनी अभ्यासले. त्यांतले अनेक फुटल्याने पूर वाढला होता. शहराच्या वर, मुसी आणि ईसी नद्यांवर मोठे साठे करावेत असे त्यांनी सुचवले. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. पुरापासून संरक्षण आणि पिण्याचे पाणी, दोन्ही एकाच आखणीतून मिळाले. शहराच्या सांडपाण्याच्या गटारांची योजनाही त्यांनी आखली. आणलेले पाणी मैला होऊन कुठे जाणार, याचा विचार त्यांनी पाणी आणण्याच्या विचाराबरोबरच केला.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. त्या जलाशयाखाली कन्नंबाडी हे जुने गाव गेले. धरणाच्या हिशेबात बुडणाऱ्यांची बाजू हलकी ठरण्याची रीत त्या काळीही होतीच. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिन अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या कामातून आज घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आधी खोरे मोजायचे, मग वाटणी ठरवायची. मुंबईसाठी जव्हार तालुक्यात पिंजाळ नदीवरही धरण प्रस्तावित आहे. अशा वेळी मोखाड्याच्या पाड्यावरचा हंडाही योजनेच्या पहिल्या पानावर यायला हवा. इथला कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. त्यामुळे झऱ्यांचे रक्षण, लहान बंधारे, उंचावरच्या पाड्यांपर्यंत नळ आणि शहराकडे सांडपाण्याचा पुनर्वापर व गळती रोखणे, ही सारी एकाच आखणीची अंगे आहेत. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या तळाचे पाणी प्यायल्याने जुलाब आणि कावीळ पसरतात. रक्तक्षय असलेली गरोदर बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, तेव्हा त्याची झीज तिला आणि पोटातल्या बाळालाही सोसावी लागते. कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी पोहोचले की नाही, यावर विश्वेश्वरय्यांनी वाटणी पारखली. धरणाच्या काठावरचे पहिले गावही त्याच कसोटीवर पारखायला हवे.